डेनिस लॉ: पुसलेले सहा, राहिलेला एक

(दृश्य: पत्र्याच्या छपराची कड, पागोळ्या. खाली चिखलात बुडत चाललेली मैदानाची पांढरी रेघ.)

२८ जानेवारी १९६१. लंडनच्या उत्तरेला ल्यूटन नावाचं शहर, एकेकाळी हॅट बनवण्यासाठी प्रसिद्ध. तिथलं केनिलवर्थ रोड हे छोटंसं मैदान. एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेची चौथी फेरी, ल्यूटन टाउन विरुद्ध मँचेस्टर सिटी. मैदानाचा पार चिखल झालेला.

ल्यूटननं दोन गोल केले. मग सिटीकडून खेळणाऱ्या एका वीस वर्षांच्या पोरानं एक गोल केला. हडकुळा, सोनेरी केसांचा, शर्ट चड्डीबाहेर. त्यानं दुसरा केला, तिसरा केला आणि थांबलाच नाही. एकट्यानं ओळीनं सहा. फलकावर सिटी ६, ल्यूटन २.

आणि ६९ व्या मिनिटाला पंचांनी शिट्टी वाजवली. मैदानात पाणी साचलंय, सामना रद्द.

रद्द झालेल्या सामन्यातलं काही जमा होत नाही. चार दिवसांनी शून्यापासून पुन्हा खेळ झाला. त्या पोरानं त्याही दिवशी एक गोल केला, पण सिटी ३–१ अशी हरली. एका कपच्या लढतीत एका माणसानं सात वेळा चेंडू जाळ्यात धाडावा आणि त्याच्याच संघानं बॅगा भरून घरी जावं, असा प्रकार फुटबॉलमध्ये शोधून सापडायचा नाही. एफए कपमध्ये त्याच्या नावावर आज ४१ गोल आहेत. ४७ असायला हवे होते.

त्याचं नाव डेनिस लॉ. स्कॉटलंडनं फुटबॉलला दिलेला सगळ्यात मोठा स्ट्रायकर. यावर ग्लासगोत वाद घालणारे भेटतील, दुसरा स्कॉटिश स्ट्रायकर केनी डॅलग्लिश याचं नाव पुढे करतील. घालू द्या. या माणसाचे सहा गोल पावसात वाहून गेले, त्याचं त्याला वाईट वाटलंच. पण पुढे एक गोल असा झाला की तो वाहून गेला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. तिथवर पोचायला अजून तेरा वर्षं आहेत.

(दृश्य: ॲबर्डीनचं बंदर. करड्या दगडाच्या इमारती, करडं आभाळ, करडा समुद्र.)

ॲबर्डीन. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं ग्रॅनाइटचं शहर. २४ फेब्रुवारी १९४० ला डेनिस इथे जन्मला. सात भावंडांतलं शेंडेफळ. वडील जॉर्ज ट्रॉलरवर, म्हणजे उत्तर समुद्रातल्या मासेमारीच्या बोटीवर. आठवडाभर घराबाहेर, शनिवार-रविवार घरात. प्रिंटफील्ड टेरेसवरच्या त्या घरात पैशाची ओढाताण कायमची. डेनिस लहानपणी अनवाणीच हिंडायचा. पहिले फुटबॉलचे बूट मिळाले ते शेजाऱ्यांकडून, वापरलेले.

दुसरी अडचण डोळ्याची. डेनिस तिरळा होता. तिरळ्या पोराला आपल्याकडे काय काय म्हणतात ते सांगायला नको, ॲबर्डीनची पोरंही त्यातलीच. जाड चष्मा लागला. पण चष्मा घालून हेडर मारता येत नाही, म्हणून खेळताना चष्मा काढायचा आणि एक डोळा मिटून घ्यायचा. एका डोळ्यानं चेंडूचं अंतर जोखणं किती कठीण असतं, हे पाहायचं असेल तर एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. हा मुलगा तसं करत बचावपटूंच्या मधून पळत होता.

अभ्यासात बरा होता. ॲबर्डीन ग्रामर स्कूलमध्ये जाण्याइतके गुण त्याला पडले होते. आईबापांनी पेढे वाटावेत अशी बातमी. पण त्या शाळेत खेळायचे ते रग्बी आणि क्रिकेट. डेनिसनं जायला साफ नकार दिला आणि पोविसच्या शाळेत नाव घातलं, कारण तिथे फुटबॉल होता.

(दृश्य: यॉर्कशरमधल्या कापड गिरण्यांची धुरांडी.)

१९५५ साली हडर्सफील्ड टाउननं त्याला चाचणीला बोलावलं. पंधरा वर्षांचा पोरगा एकटा आगगाडीनं इंग्लंडात उतरला. तिथले व्यवस्थापक अँडी बीटी यांनी त्याला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. असलं मरतुकडं, चष्मेवालं ध्यान फुटबॉलपटू होईल, यावर त्यांचा विश्वासच बसेना. मग त्यांनी त्याला खेळताना पाहिलं आणि ठेवून घेतलं.

हडर्सफील्डमध्ये असताना डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डेनिस लॉ दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळायला लागला.

तिथेच आणखी एक स्कॉटिश माणूस होता, बिल शँकली. पुढे लिव्हरपूलला मोठं करणारे तेच. या पोराच्या अंगावर मांस नाही, हे शँकलींनी पाहिलं आणि त्याच्यामागे स्टेक आणि दुधाचा खुराक लावला. १९५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी डेनिस लीगमधला पहिला सामना खेळला, सोळाव्या वर्षी. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बझ्बी यांनी त्याच्यासाठी १०,००० पौंड देऊ केले. हडर्सफील्डनं नाही म्हटलं. पण बझ्बींनी तेव्हापासून या मुलावर डोळा ठेवला. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉटलंडचा संघ कार्डिफला वेल्सविरुद्ध उतरला तेव्हा संघाची सूत्रं बझ्बींकडे होती आणि त्यांनी अठरा वर्षांच्या डेनिसला खेळवलं. स्कॉटलंड ३–० जिंकलं, त्यातला एक गोल डेनिसचा.

१९६० मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याला घेतलं ५५,००० पौंडांना. ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात महागडा व्यवहार. क्लब एकमेकांना हजारो पौंड देत होते, पण खेळाडूला आठवड्याला २० पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही, असा नियम होता. १९६१ च्या जानेवारीत, म्हणजे ल्यूटनचा तो पाऊस पडला त्याच महिन्यात, ही मर्यादा उठली. तरी खरा पैसा इटलीत होता. त्या उन्हाळ्यात तोरिनोनं १,१०,००० पौंड मोजले आणि डेनिस तुरीनला गेला.

(दृश्य: तुरीनचा रस्ता, रात्र. ओल्या डांबरावर मोटारींचे दिवे.)

इटलीचं वर्ष भरभर सांगतो, कारण त्यालाही ते कधी एकदा संपतंय असं झालं होतं. इटालियन बचाव म्हणजे माणसाला माणूस चिकटलेला, शर्टाला धरून ओढणारा. मैदानाबाहेर फोटोवाले पाठीमागे. १९६२ च्या फेब्रुवारीत जोडीदार जो बेकर अल्फा रोमिओ चालवत असताना गाडी उलटली. बेकर मरता मरता वाचला, डेनिस थोडक्यात निभावला. मग कळलं की तोरिनो त्याला परस्पर युव्हेंटसला विकायच्या बेतात आहे, त्याला न विचारता. त्यानं विमान पकडलं आणि थेट ॲबर्डीनला आईकडे येऊन बसला.

शेवटी बझ्बींनी १,१५,००० पौंडांत त्याला मँचेस्टरला आणलं. या वेळी शहरातल्या दुसऱ्या क्लबात. युनायटेडमध्ये.

तेव्हाचं युनायटेड म्हणजे जखमी घर. म्युनिकच्या विमान अपघातात तरणाबांड संघ गेला त्याला चारच वर्षं झाली होती. बझ्बी स्वतः त्यातून वाचलेले, नव्यानं संघ उभा करत होते. त्यांना गोल करणारा माणूस हवा होता.

(दृश्य: युनायटेडचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड. डेनिस लॉ संथ गतीत. चित्र थांबतं ते त्याच्या मनगटावर.)

इथे जरा थांबू. त्याच्या हाताकडे बघा. लांब बाह्यांचा शर्ट, बाह्या ओढून पार तळहातापर्यंत आणलेल्या, आणि कफ मुठीत घट्ट धरलेला. थंडीत आपण स्वेटरच्या बाह्या धरतो तसा. तो खेळायचाच असा. आणि गोल झाला की तोच हात ताठ वर जायचा, कफ मुठीत, एक बोट आभाळाकडे. आज गोल झाल्यावर खेळाडू गुडघ्यांवर घसरतात, नाचतात, कॅमेऱ्याकडे पळतात. डेनिस लॉचा एक हात पुरायचा. मँचेस्टरच्या गल्ल्यांत शाळकरी पोरं अंगात घातलेल्या स्वेटरच्या बाह्या ताणून सैल करत आणि आयांच्या शिव्या खात.

उंची मध्यम, पावणेसहा फुटांच्या आसपास. पण हवेत उडाला की खाली यायला विसरल्यासारखा. त्याच्यापेक्षा वीतभर उंच बचावपटू आधी उडायचे, आधी खाली यायचे, आणि मग हा डोकं मारायचा. गोलकीपरच्या हातून चेंडू निसटला, बचावपटू घसरला, खांबाला लागून चेंडू परत आला, तर तिथे हा हजर. गर्दीत पाठ गोलकडे असली तरी अंगात काहीतरी वळवळायचं आणि चेंडू जाळ्यात असायचा. ही पाठ गोलकडे असण्याची गोष्ट लक्षात ठेवा.

डोकंही तापट होतं. दोनदा त्याच्यावर अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांची बंदी आली. पाय मारणाऱ्याला परत मारल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

पहिल्याच मोसमात युनायटेडची लीगमध्ये दाणादाण उडाली. १५ मे १९६३ ला मेन रोडवर, म्हणजे सिटीच्या मैदानावर, मँचेस्टरचे दोन्ही संघ समोरासमोर आले ते खालच्या विभागात पडण्याच्या भीतीनं. सिटी एक गोलनं पुढे. तेवढ्यात सिटीच्या खेळाडूनं चेंडू मागे दिला तो अपुरा पडला, डेनिस त्यावर झेपावला आणि गोलकीपर हॅरी डाउडनं त्याला पाडलं. पेनल्टी. अल्बर्ट क्विक्सॉलनं गोल केला, सामना १–१. युनायटेड एकोणिसाव्या जागी तगलं. सिटी दुसऱ्या विभागात घसरली. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी चिखलात सहा गोल केले होते, त्यांना खाली ढकलण्यात डेनिसचा हातभार लागला. हेही लक्षात ठेवा.

दहा दिवसांनी, २५ मेला वेम्बलीत एफए कपचा अंतिम सामना. लेस्टर सिटीच्या गोलमध्ये गॉर्डन बँक्स. डेनिसनं पाठमोऱ्या स्थितीत चेंडू घेतला, गर्रकन वळला आणि पहिला गोल केला. युनायटेड ३–१. म्युनिकनंतरचा पहिला कप.

(दृश्य: वर्तमानपत्रांचे मथळे, एकावर एक पडत जाणारे.)

पुढचा मोसम, १९६३–६४. सगळ्या स्पर्धा मिळून ४६ गोल. युनायटेडकडून एका मोसमात एवढे गोल त्याआधी कुणी केले नव्हते, आणि त्यानंतरही नाहीत. कँटोना येऊन गेला, व्हॅन निस्टलरॉय येऊन गेला, रोनाल्डो येऊन गेला. ४६ तिथेच आहे. त्याच मोसमात, १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये वेम्बलीत इंग्लंड विरुद्ध उरलेलं जग असा सामना झाला. जगाच्या संघात याशिन, डी स्टेफानो, पुस्कास, युसेबियो. जगानं एकच गोल केला, आणि तो डेनिसनं. १९६४ चा युरोपमधला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून बॅलन डी'ऑर त्याला मिळाला. हा मान मिळालेला स्कॉटिश खेळाडू आजतागायत तो एकटाच.

मग बॉबी चार्ल्टन, डेनिस लॉ आणि जॉर्ज बेस्ट. एक इंग्लिश, एक स्कॉटिश, एक उत्तर आयर्लंडचा. तिघांनाही बॅलन डी'ऑर. १९६५ ला लीग जिंकली, १९६७ ला पुन्हा. बेस्टचं कसब आणि चार्ल्टनचा तोफेसारखा फटका यांवर भरभरून लिहिलं गेलंय. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या स्टँडला उभे राहणारे लोक मात्र 'किंग' म्हणायचे ते डेनिसला.

पगाराचा एक किस्सा सांगायलाच हवा. १९६६ मध्ये डेनिसनं बझ्बींना पत्र लिहिलं की पैसे वाढवा, नाहीतर मला जाऊ द्या. बझ्बींनी थेट पत्रकारांना सांगितलं की लॉ विक्रीला आहे. डेनिसला जाहीर माफी मागावी लागली. सगळ्यांनी वाचलं, की म्हाताऱ्यानं पोराला सरळ केलं. पगारवाढ मात्र गुपचूप मिळाली.

(दृश्य: वेम्बली, १५ एप्रिल १९६७. निळे शर्ट.)

स्कॉटिश माणसाला डेनिस लॉबद्दल विचारा, तो मँचेस्टरच्या आधी वेम्बलीची गोष्ट काढेल. १५ एप्रिल १९६१ ला याच मैदानावर इंग्लंडनं स्कॉटलंडला ९–३ असं तुडवलं होतं. डेनिस त्या संघात होता. १९६६ ला इंग्लंड विश्वविजेतं झालं, त्या दिवशी डेनिस गोल्फ खेळत होता. मुद्दाम. टीव्ही लावायची इच्छा नव्हती.

आणि पुन्हा १५ एप्रिल. बरोबर सहा वर्षांनी. विश्वविजेत्या, न हरलेल्या इंग्लंडविरुद्ध पहिला गोल डेनिसचा. स्कॉटलंड ३–२ नं जिंकलं. जिम बॅक्स्टर चेंडू हवेत टपटप उडवत इंग्लंडला खिजवत होता, प्रेक्षक खूश होते. डेनिस चिडला होता. त्याला अजून गोल हवे होते. त्याच्या डोक्यात तो ९ चा आकडा होता.

स्कॉटलंडसाठी ५५ सामन्यांत ३० गोल. डॅलग्लिशचेही ३०, पण त्याला १०२ सामने लागले. मघाशी वाद घालणाऱ्यांना एवढंच सांगा.

(दृश्य: रुग्णालयातला पलंग. कोपऱ्यात टीव्ही.)

मग गुडघा गेला. २९ मे १९६८ ला युनायटेडनं वेम्बलीत बेनफिकाला ४–१ हरवून युरोपियन कप जिंकला. म्युनिकच्या दहा वर्षांनंतर. ज्या कपसाठी सगळा अट्टहास होता तो मिळाला, आणि डेनिस शस्त्रक्रियेनंतर मँचेस्टरच्या रुग्णालयात, टीव्हीसमोर. बझ्बी नंतर कप घेऊन त्याच्या खाटेपाशी आले. त्या भेटीचा फोटो आहे. पुढच्या वर्षी त्यानं याच स्पर्धेत नऊ गोल केले, पण उपांत्य फेरीत मिलाननं अडवलं. त्या लढतीत त्याचा एक चेंडू रेषेपार गेल्यासारखा दिसला. पंचांना तसं वाटलं नाही.

१९७३. युनायटेडसाठी ४०४ सामने, २३७ गोल. व्यवस्थापक टॉमी डॉकर्टी, ज्यांना आणा असं स्वतः डेनिसनंच क्लबला सुचवलं होतं. डेनिस ॲबर्डीनला गेला होता. तिथल्या पबमध्ये टीव्हीवर बातमी लागली की युनायटेडनं डेनिस लॉला फुकटात मोकळं केलं. त्याला स्वतःला ते तसं कळलं.

तो सिटीकडे परत गेला. एक मोसमासाठी.

आता पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी एकच गोष्ट उरेल. १९७४ चा विश्वचषक पश्चिम जर्मनीत. सोळा वर्षांनी स्कॉटलंड पात्र ठरलं आणि चौतीस वर्षांचा डेनिस झैरविरुद्ध खेळला. विश्वचषकातला त्याचा पहिला आणि शेवटचा सामना. त्या उन्हाळ्यात त्यानं बूट टांगले. पुढे रेडिओ-टीव्हीवर बोलत राहिला. ॲबर्डीनच्या पोरांसाठी गल्लोगल्ली खेळ नेणारा न्यास त्याच्या नावानं चालतो. एका डच बापाला तो इतका आवडायचा की मुलाचं नाव त्यावरून ठेवलं: डेनिस बर्गकॅम्प. २००८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डसमोर बेस्ट, लॉ, चार्ल्टन यांचं शिल्प उभं राहिलं, २९ मे रोजी, म्हणजे जो अंतिम सामना तो खेळलाच नाही त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी. २०२१ मध्ये त्यानं आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं. बेस्ट आधीच गेला होता, २०२३ ला चार्ल्टन गेला, आणि १७ जानेवारी २०२५ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, डेनिस.

(दृश्य: २७ एप्रिल १९७४. ओल्ड ट्रॅफर्ड. युनायटेडचे लाल शर्ट, सिटीचे आकाशी.)

युनायटेड तळाजवळ. आज हरलं तर दुसऱ्या विभागात. समोर सिटी, आणि सिटीच्या आघाडीत डेनिस लॉ.

८१ वं मिनिट, ०–०. फ्रान्सिस ली चेंडू गोलपुढे ढकलतो. डेनिस तिथे आहे, नेहमीसारखा. पाठ गोलकडे. तो बघत नाही. टाच लागते. युनायटेडचा गोलकीपर ॲलेक्स स्टेप्नी हलायच्या आत चेंडू जाळ्यात.

आता हात बघा. दोन्ही खाली आहेत. सिटीचे खेळाडू धावत येतात, डोक्यावर थापा मारतात. तो मान खाली घालून चालतोय. थोड्याच वेळात त्याला बाहेर बोलावतात. लीगमधला त्याचा चेंडूला झालेला शेवटचा स्पर्श म्हणजे ती टाच.

स्ट्रेटफर्ड एंडमधून माणसं मैदानात घुसतात. बझ्बी लाउडस्पीकरवरून विनवतात. पाच-एक मिनिटं उरलेली असताना पंच सामना थांबवतात, रद्द करतात.

दुसरीकडे तळाशीच झगडणाऱ्या बर्मिंगहॅमनं आपला सामना जिंकला होता. डेनिसनं टाच मारली नसती तरी युनायटेड खाली जाणारच होतं. हे त्याला मागाहून सांगितलं गेलं, कित्येकदा. फरक पडला नाही. त्या गोलाचं वाईट किती दिवस वाटलं, असं त्याला पुढे एकदा विचारलं गेलं. तीसहून जास्त वर्षं उलटून गेली होती, आणि तेच त्याचं उत्तर होतं.

सामना रद्द झाला होता, ल्यूटनसारखाच. ९० मिनिटं पुरी झाली नव्हती, ल्यूटनसारखीच. फुटबॉल लीगनं विचार केला आणि ठरवलं: या वेळी पुन्हा खेळ नाही, निकाल कायम.

मँचेस्टर युनायटेड ०, मँचेस्टर सिटी १. गोल: लॉ.